बबनसाठी दोन प्रार्थना

तुम्हाला माती देऊन आलो त्याला आज सव्वीस दिवस झाले, आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या बायका येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "वहिनी, प्रभाकररावांसारखा क्षमाशील माणूस पुन्हा होणे नाही." मी मान हलवते, चहा करते. त्या गेल्या की तुमच्या फोटोकडे बघून म्हणते, ऐकलंत ना? क्षमाशील! तुम्ही फोटोत कॉलरचं वरचं बटण लावून बसलेले असता आणि उत्तर देत नाही. जिवंतपणी तरी कुठे देत होतात म्हणा. वाद रंगात आला की तुम्ही उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचात. त्यातली मोगऱ्याची दोन झाडं तर माझ्या मते पाणी जास्त होऊनच गेली.

रूथ म्हणते, "मम्मी, तू सारखी पप्पांशी बोलतेस. इट्स ओके, पण एखाद्या काउन्सेलरशी पण बोल ना." तिच्या खराडीच्या ऑफिसात तसा एक दर मंगळवारी येतो म्हणे. मी म्हटलं, चाळीस वर्षांच्या नवरा-बायकोचं भांडण अर्ध्या तासात मिटवणारा असेल तर पाठव, मंगळवारची वाट कशाला बघायची. तेव्हापासून लेकीने काउन्सेलरचं नाव काढलेलं नाही. मग म्हटलं, लिहूनच काढावं. जे सांगायचंय ते ऐकून बाकीचे घाबरतील. तुम्ही घाबरायचं कारण नाही. घाबरवताय तुम्हीच.

बबन झांबरेचं नाव मी या घरात कधी मोठ्याने घेतलं नाही, ते आज घेते. नगर रस्त्यावरच्या कारखान्यात तुम्ही टूलरूमचे सुपरवायझर आणि तो तुमच्या हाताखाली. खराडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. लेथच्या मशीनवर तुम्हीच त्याला उभं केलंत. त्याच्या शेतातल्या पावट्याच्या शेंगा पिशवी भरभरून आपल्याकडे यायच्या, आणि नाताळात आपल्या करंज्या त्याच्याकडे जायच्या. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरून नवी मशीनं आली आणि कारखान्याला माणसं जड व्हायला लागली. टूलरूममधली मोजमापाची काही उपकरणं नाहीशी झाली. बबनने लेखी दिलं, की प्रभाकरराव ती डब्याच्या पिशवीत घालून नेत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. चौकशी झाली, आणि तुम्ही घरी आलात ते डब्याची पिशवी गेटवरच टाकून.

नोकरी गेल्याचं मला एवढं लागलं नाही. लागला तो त्यानंतरचा रविवार. मंडळीत दानाची थैली फिरवायचं काम तुमचं होतं. लाकडी दांडीची ती मखमली थैली घेऊन तुम्ही बाकांमधून सावकाश जायचात. बाकावर लहान मूल असलं तर त्याचा हात पुरावा म्हणून थैली खाली झुकवायचात. त्या रविवारी उपासनेआधी पाळकसाहेब तुमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "प्रभाकरराव, थोडे दिवस विश्रांती घ्या." थैली दुसऱ्याने फिरवली. ती आपल्या बाकाशी आली तेव्हा तुम्ही दान टाकलंत आणि गीत पुढे गात राहिलात, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मला गाता येईना. मी तिथे, देवाच्या घरात बसून, बबनचा निर्वंश व्हावा असं मागितलं.

त्याच संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तुम्ही पहिल्यांदा त्याचं नाव घेतलंत. "हे प्रभू, बबनचं भलं कर. त्याचं घर उभं राहू दे. त्याच्या लेकराला आशीर्वाद दे." मी डोळे उघडून तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा इतका शांत होता की मला बबनपेक्षा तुमचा जास्त राग आला.

त्या दिवसापासून आपल्या जेवणाच्या टेबलावरून देवाकडे रोज दोन अर्ज जायला लागले. रविवारच्या शाळेत मी मुलांना एवढी वर्षं शिकवलं, शास्त्र काही तुम्हा एकट्यालाच पाठ नव्हतं. तुमच्याकडे प्रभूची आज्ञा होती, वैऱ्यांवर प्रीती करा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. माझ्याकडे ती जळती स्तोत्रं होती, ज्यात वैऱ्याची लेकरं अनाथ होवोत, त्याचं अंगण ओसाड पडो, असं तोंड भरून मागितलेलं आहे. तुम्ही मोठ्याने मागायचात, मी मनात. शेवटचं आमेन मात्र दोघांचं सामायिक.

पुढे पुढे आपण उघड वाद घालायला लागलो. तुम्हाला आठवतं, आळंदी रस्त्यावर बबनची स्कूटर बंद पडली होती आणि तुम्ही ती ढकलत पार गॅरेजपर्यंत नेऊन दिलीत? शर्टाला हे एवढं ऑइल. मी विचारलं तर म्हणालात, मोशेच्या नियमशास्त्रातच आहे, वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर त्याला उठवावं. मी म्हटलं, गाढव उठवायला सांगितलंय, त्याच्या मालकाला नमस्कार-चमत्कार करायला नाही. तुम्ही हसलात. शर्ट मीच धुतला.

आणि ते निखारे. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. मी तुम्हाला विचारलं होतं, "जेवू घालायचं ते प्रेमाने, की निखाऱ्यांसाठी?"

"निखारे म्हणजे पश्चात्ताप गं," तुम्ही म्हणालात. "त्याला लाज वाटेल, तो बदलेल."

"डोक्यावर ठेवलेला निखारा भाजतोच. त्याला नाव काहीही द्या."

तुम्ही उठलात आणि कुंड्यांकडे गेलात. आपला हा वाद तिथेच राहिला आहे.

आता माझं पाप सांगते. शास्त्रात एक विचित्र वचन आहे. वैरी पडला तर आनंद करू नका, नाही तर देवाला ते आवडणार नाही आणि तो आपला राग त्याच्यावरून काढून घेईल. हे वचन मी फार काटेकोर पाळलं. बबनचं काही वाईट कानावर आलं की मी चेहरा कोरा ठेवायचे, मनातसुद्धा खूश व्हायचे नाही. देवाचा राग त्याच्यावरून हलू नये म्हणून. तुम्हाला वाटायचं, बायको सुधारली.

आणि वाईट कानावर यायला लागलं होतं. भीती वाटते ती याची, की चांगलंही त्याच बातमीत असायचं. तुम्ही मागितलं, त्याचं घर उभं राहू दे. त्याची शेती बिल्डरने घेतली आणि त्याच जमिनीवरच्या इमारतीत त्याला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. मी मागितलं, त्याचं अंगण ओसाड पडो. त्याची विहीर बुजवली, अंगणावर सिमेंट ओतलं, आणि त्याच्या बायकोने जमिनीला पाय लागत नाहीत म्हणून हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत गेली. तुम्ही मागितलं, त्याच्या मुलाचं चांगलं होऊ दे. मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला. मी मागितलं, म्हातारपणी त्याला पाणी द्यायला कुणी राहू नये. तेही त्याच विमानाने मंजूर झालं. एकदा जेवताना मला हे सगळं एकदम दिसलं आणि हातातला घास मी ताटात परत ठेवला. तुम्ही विचारलंत, मीठ कमी आहे का? मी हो म्हटलं.

तुमच्या बाबतीत मी कृतघ्न नाही. माझं मनगटाचं हाड मोडलं तेव्हा सहा आठवडे तुम्ही माझी वेणी घातलीत, आणि रूथपेक्षा चांगली घातलीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बुधवार पेठेतल्या क्लासात विशीतल्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकलात. पोरं तुम्हाला अंकल म्हणायची. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागदाचा कीबोर्ड करून बोटं चालवायचात. चोर म्हणून हाकललेल्या माणसाने कुणाला एक वाकडा शब्द न बोलता पुन्हा संसार उभा केला, हे मी पाहिलं आहे. पुढे तो कारखाना पाडून तिथे काचेच्या इमारती झाल्या, आणि त्यातल्याच एकीत आपल्या रूथला नोकरी लागली. तिला पहिल्या दिवशी सोडायला गेलात तेव्हा गेटच्या आत मात्र पाऊल टाकलं नाहीत. रूथला म्हणालात, चप्पल चावतेय.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये भर दुपारी बबन आपल्या घरी आला होता. तुम्ही क्लासला गेला होतात, रूथ शाळेत. दारात उभा, घामाने निथळत, डोळे लाल. म्हणाला, "वहिनी, सायेब हायेत का? वाईच पानी द्या." मी आत गेले. माठ होता, पाणी होतं. मी त्याला दूध दिलं. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. पेला त्याच्या हातात देताना मात्र माझ्या लक्षात आलं, की हे मी रविवारच्या शाळेत मुलांना दरवर्षी सांगते.

याएलची गोष्ट. सीसरा सेनापती लढाईतून पळत तिच्या तंबूत येतो, पाणी मागतो. ती त्याला दूध देते, पांघरूण घालते. तो गाढ झोपला की तंबूची मेख आणि हातोडी घेऊन त्याच्या कानशिलात ठोकते. आणि शास्त्र तिला शाप देत नाही, तिचं गाणं गातं, सगळ्या स्त्रियांत धन्य म्हणतं. तुम्ही नेहमी म्हणायचात, ही गोष्ट लहान मुलांना सांगू नकोस. मी सांगायचेच. मुलांना फार आवडायची.

बबनला ऊन लागलं होतं. दिवाणावर बसला आणि बसल्या बसल्या कलंडला. मी त्याच्या अंगावर चादर घातली. बाजूच्या टीपॉयवर तुमची हातोडी होती, आणि चार इंची खिळा. सकाळी घड्याळ लावायचं म्हणून तुम्ही काढून ठेवलं होतंत, आणि क्लासला उशीर झाला म्हणून तसंच टाकून गेला होतात. मी हातोडी उचलली. जागेवर ठेवायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण ठेवली नाही. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी भांडी घासत होतं, आणि मी हातोडी घेऊन त्याच्या उशाशी उभी होते. किती वेळ, ते मला माहीत नाही. त्याच्या कानशिलावर एक माशी बसली. मी रिकाम्या हाताने ती हाकलली. परत बसली, परत हाकलली. मग हातोडी पिठाच्या डब्यामागे लपवली. पाचला तो उठला, तोंड धुतलं आणि कशाला आला होता ते न सांगताच गेला. दुसऱ्या दिवशी हातोडी सापडेना म्हणून तुम्ही घड्याळाचा खिळा खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकलात आणि दिवसभर मला बोललात. मी ऐकून घेतलं.

आता तुमचं. तुमच्या दफनाला अख्खी मंडळी आली होती. बबन आला नव्हता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. छापील पत्रिकेत रूथने 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' असं घातलं. मंगळवारी आम्ही तुम्हाला ठेवून आलो. शुक्रवारी दुपारी चार वाजता तुमच्या कपाटातला मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, बबन. त्याचा नंबर तुमच्याकडे कसा, हे मला कळेना. मी तो वाजू दिला. पुढच्या शुक्रवारी चारच्याच ठोक्याला पुन्हा वाजला. पुन्हा मी तो हातात धरून थांबेपर्यंत उभी राहिले. तिसऱ्या शुक्रवारी उचलला.

"वहिनी, म्या बबन," पलीकडून अगदी हळू आवाज आला. "सायबास्नी घिऊन जावा."

मला वाटलं, याला कुणी कळवलंच नाही. "बबन, अरे ते गेले. अठरा दिवस झाले."

"ठाव हाय मला. मातीच्या दिशी रस्त्याच्या पल्याड हुबा व्हतो म्या. आत याया धीर झाला न्हाई. तरीबी आल्यात. आत्ता बसल्यात खुर्चीत."

रूथला मी सांगितलं नाही. रिक्षा केली आणि विश्रांतवाडीहून खराडीला गेले. रस्ताभर मी मनात हिशोब लावत होते तो तुमच्या शुक्रवारांचा. रिटायर झाल्यापासून दर शुक्रवारी तुमची उपास-प्रार्थना असायची. दुपारी जेवायचं नाही, तोंडात एक लवंग धरायची, आणि तीनला घरातून निघायचं. मी कधी विचारलं नाही की प्रार्थना कुणाच्या घरी असते. देवाचं काम, त्यात बायकोने काय विचारायचं.

अकराव्या मजल्यावर दार उघडंच होतं. बबन जमिनीवर बसला होता, सतरंजीवर. वाळून गेलाय. खिडकी ही एवढी मोठी, सगळं ऊन आत. खिडकीशी एक वेताची खुर्ची, पाठ उजेडाकडे. खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. मी काही बोलणार तर बबनने बोट ओठावर ठेवलं. "हळू बोला, वहिनी. डोळं मिटल्यात त्येंचं."

अहो, त्या घरात लवंगेचा वास होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. मसाल्याचा डबा रिकामा, गॅस कितीतरी दिवसांत पेटलेला दिसत नव्हता. खुर्चीची उशी मधोमध दबलेली होती. जुनी उशी, दबणारच, असं मी स्वतःला म्हटलं, आणि तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसले.

"कधीपासून येतात?"

"आट वर्सं झाली. पयल्यांदा आलं तवा म्या पाय धरलं. म्हनलं, सायेब, मला बोलू द्या. तर हात वर केला. म्हनले, राहू दे बबन, मी कधीच माफ केलंय. दर शुक्रवारी म्या त्वांड उघडायचो आन दर शुक्रवारी त्ये म्हनायचे, राहू दे. मंग डोळं मिटून माज्या भल्याची प्रार्थना. तासभर. माज्या डोस्क्यावर हात ठिवून. पानी सुदिक घेतलं न्हाई कवा ह्या घरचं." त्याने टोपी काढली. "चटका बसायचा, वहिनी."

त्याच्या डोक्याच्या मधोमध तळव्याएवढ्या जागेत केस नव्हते. बाकी सगळीकडे होते. वयाने जातात केस, मला माहीत आहे.

मला तुमचा असा राग आला, जसा त्या पहिल्या संध्याकाळी आला होता. आणि त्याचबरोबर तुमची इतकी कीव आली, की तिथे रडू आवरावं लागलं. आठ वर्षं तुम्ही उपाशी पोटी तिथे जात होतात. कशाला, हे तुम्हालाही माहीत नव्हतं असं मी धरून चालते. तुम्ही म्हणत होतात प्रेम, आणि तो माणूस भाजत होता.

"बोल," मी म्हटलं. "मी काही क्षमाशील नाही. मला सगळं ऐकायचंय."

तो खुर्चीकडे बघायला लागला. मी म्हटलं, तिकडे नाही, माझ्याकडे बघ. मग तो बोलला. फार काही नव्हतं. दोन नावं होती, त्यातलं एक कमी करायचं होतं. कागद वरून लिहून आला होता. सही केली नाही तर त्याचं नाव जाणार होतं. त्याचं पोरगं तेव्हा चार महिन्यांचं होतं. उपकरणं कुठे गेली नव्हतीच, कारखान्यातच शेजारच्या विभागाच्या कपाटात होती, आणि हे त्याला सही करताना माहीत होतं. "माहीत व्हतं," असं तो तीनदा म्हणाला. सांगताना मधेच थांबायचा, खुर्चीकडे कान द्यायचा. कुणी त्याला थांबवलं नाही.

त्याचं झाल्यावर मी सुरू केलं. अहो, जे जन्मात कुणाला बोलले नाही ते त्याला बोलले. थैलीचं सांगितलं. तुम्ही कागदाच्या कीबोर्डवर बोटं चालवायचात ते सांगितलं. माझ्या अर्जांचं सांगितलं, त्याची बायको, त्याचा मुलगा, सगळं मी मागून घेतलं म्हणून सांगितलं. नालायक म्हटलं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हटलं. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून कुणीतरी बघून गेलं. शेवटी हातोडीचं सांगितलं.

"ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"म्या जागा व्हतो. डोळ्याच्या फटीतून दिसली हातुडी. म्हनलं, होऊन जाऊ दे येकदाचं. पडून ऱ्हायलो." त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. "मंग तुमी माशी हाकलली. दोनदा. त्येच्या नंतर झोप लागली मला. तशी झोप परत न्हाई लागली, वहिनी. आजपतुर न्हाई."

मी उठले, त्याच्या स्वयंपाकघरात दूधपावडर सापडली तिचा चहा केला. मसाला नव्हताच, नुसतं आलं होतं, तेही सुकलेलं. आम्ही दोघांनी तो चहा प्यायला. आपल्या घरचं कुणीतरी त्या घरात काहीतरी घशाखाली घालायला एवढी वर्षं लागली. चहा पिता पिताच त्याची मान पडली. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून तो घोरायला लागला. मी आतली चादर आणून त्याच्यावर घातली.

मग मी त्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "झालं एवढं पुरे. चला घरी."

लिफ्टचं दार मी थोडं जास्त वेळ धरून ठेवलं. आत एक बाई होती, ती माझ्याकडे बघत राहिली. रिक्षात मी कडेला सरकून बसले. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मावशी, सीट पूर्ण तुमचीच आहे, पडाल तिथून." मी म्हटलं, तू पुढे बघ. वळणावर मला खांद्याला ओझं लागल्यासारखं झालं. त्या रस्त्याला खड्डेही भरपूर आहेत.

परवाच्या शुक्रवारी फोन वाजला नाही. मीच बबनला केला. उचलायला बराच वेळ लागला. झोपेतून उठलेला आवाज होता. म्हणाला, खुर्ची रिकामी हाय. आपल्या हॉलमध्ये मात्र गेले नऊ दिवस लवंगेचा वास येतोय. रूथने डब्यांची झाकणं तपासली, म्हणाली, मम्मी, काहीतरी सांडलंय कुठेतरी.

आलात ते बरं केलंत. आता एक ऐका. तुम्हाला राग आला होता, अहो. थैली हातातून गेली तेव्हाच आला होता, माझ्याइतकाच, कदाचित जास्त. तुम्ही तो देवाला सांगितला नाहीत, बबनला सांगितला नाहीत, आणि मी हाताच्या अंतरावर बसलेली असताना मलाही सांगितला नाहीत. मला वाटत राहिलं, या घरात वाईट मी एकटीच. फार एकटं वाटलं हो त्या रागात. दोघं मिळून रागावलो असतो तर एखाद्या वर्षात संपूनही गेला असता.

बबनचं सांगून झालं, माझं लिहून झालं. राहिलात तुम्ही. प्रार्थनेची वेळ झाली आहे, तुमची खुर्ची मी ओढून ठेवली आहे आणि समोर पाणी ठेवलं आहे. आज मी कुणासाठी काही मागणार नाही, डोळेही मिटणार नाही. बोला. मी 'राहू द्या' म्हणणार नाही.